गोकुळदासाने गंगेला हाक मारली

टण्ण! आणि मग गरगर, गरगर, गरगर.

दुपारच्या निवांत घरात स्टीलची वाटी पडली की ती लगेच थांबत नाही. ज्याची झोप मोडायची त्याची ती पुरती मोडली अशी खात्री होईपर्यंत स्वतःभोवती फिरत राहते. पेडण्याच्या त्या घरात सुमंगलेने तान्हीला थोपटून थोपटून नुकतंच कुठे निजवलं होतं आणि स्वतःची पाठ बाजल्याला टेकली होती. तान्ही दचकली, दोन्ही मुठी तिने हवेत उगारल्या, खालचा ओठ काढला, पण मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा झोपली.

"सरू!" सुमंगला दबक्या आवाजात ओरडली. "काय पाडलंस?"

"मी नाही पाडली. ती पोत्यातून आपणच पडली," दारात उभ्या असलेल्या थोरल्या लेकीने, पाच वर्षांच्या सरस्वतीने, हात मागे लपवत सांगितलं.

वाटी घरंगळत आली आणि बाजल्याच्या पायाशी आडवी झाली. सुमंगलेने ती उचलली. नवीकोरी, चकचकीत. पोटावर मशीनने कोरलेली बारीक टिंबाटिंबांची अक्षरं होती: 'चि. काश्मिरा हिच्या बारशाची भेट.'

उद्या या घरात एकच बारसं होतं. सुमंगलेने तान्हीकडे पाहिलं. आपण काश्मिरा आहोत याचा त्या बिचारीला पत्ताही नव्हता. तिच्या आईलाही तो आत्ताच लागला होता.

"आणखी किती आहेत गं अशा?"

"पोतंभर. मालतीआत्याने पाठवल्यात. आजी म्हणाली, आईला सांगू नको." सरूने क्षणभर विचार केला. "मी सांगितलं नाही. वाटीने सांगितलं."

मालती ही सुमंगलेच्या नवऱ्याची, गोकुळदासाची, थोरली बहीण, म्हापशाला दिलेली. तिच्या नवऱ्याचं भांड्यांचं दुकान होतं, आणि बारशाला नाव ठेवण्याचा मान आत्याचा. ही दोन्ही कारणं एकाच बाईच्या पदरात पडल्यावर बाळाच्या आईला विचारायचं काही उरत नाही. गेल्या उन्हाळ्यात मालती नवऱ्याबरोबर काश्मीर पाहून आली होती. बर्फावर बसून, नाक लाल करून काढलेला तिचा फोटो तेव्हापासून सगळ्या नातेवाइकांच्या घरी फिरत होता. तान्हीचं नशीब थोर, म्हणून आत्या उटीला गेली नव्हती.

सुमंगलेच्या मनात मात्र बाळाचं नाव कधीचं ठरलेलं होतं. ते नाव होतं गंगा.

खरं तर ते तिचंच नाव. कारापूरला तिच्या वडिलांनी, यशवंतांनी, घरामागे विहीर खणायला घेतली होती. आधी जांभा लागला, मग काळा खडक लागला, पाणी काही लागेना. येणारेजाणारे काठावर उभे राहून यशवंतांना विचारत, "पाताळात कोण पाहुणे राहतात काय हो तुमचे?" आणि ज्या सकाळी त्यांची बायको बाळंत झाली त्याच सकाळी खडकातून झरा फुटला. विहिरीत उतरलेली माणसं गुडघाभर पाण्यात नाचत ओरडली, "गंगा इली! गंगा इली!" आत सुईण चिडून म्हणाली, "यांना कोणी सांगितलं एवढ्यात? अजून नाळ कापायची आहे!" नाव वेगळं शोधावंच लागलं नाही. खडकाला न विचारता येते ती गंगा, असा वडील त्या नावाचा अर्थ सांगत. पुढे गावात कुणाच्याही विहिरीला पाणी लागलं आणि तीच आरोळी उठली की छोटी गंगा खेळ टाकून धावत सुटायची. तिला वाटायचं, आपल्यालाच बोलावताहेत.

हे नाव घेऊन ती लग्न होऊन पेडण्याला आली, आणि मांडवातच अडचण उभी राहिली. सासरी गंगा आधीच होती. गोठ्यात.

"एका घरात दोन गंगा चालायच्या नाहीत," सासूबाई सत्यवतींनी तेव्हा निकाल दिला होता. "हाक मारली तर दोघी येतील." मग गाईचं नाव बदलता येईल का, असं नवरीच्या मावशीने भीत भीत विचारून पाहिलं. सगळ्या मांडवाने मावशीकडे कीव आल्यासारखं पाहिलं. गाय जुन्या नावालाच ओ देते. मुका जीव, तिला कोण समजावणार? सून शिकलेली आहे, ती समजून घेईल. सुनेने समजून घेतलं. गोकुळदासाने तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने 'सुमंगला' असं लिहिलं, आणि कारापूरची गंगा त्या ताटातच राहिली.

ती गाय दोन वर्षांपूर्वी गेली. घराने सुतक सोडून बाकी सगळं पाळलं. सरूच्या वेळी नाव ठेवायचा प्रश्नच आला नव्हता, कारण गोकुळदासाच्या आजीचं नाव पणतीला द्यायचं ठरलेलंच होतं. तेव्हा सुमंगलेचा उतरलेला चेहरा पाहून गोकुळदास म्हणाला होता, "पुढच्या खेपेला तू म्हणशील ते."

पुढची खेप आता बाजल्यावर झोपली होती, आणि तिच्या नावाची वाटी सुमंगलेच्या हातात होती.

गोकुळदास कचेरीतून जेवायला घरी आला तेव्हा ती वाटी त्याच्या नाकासमोर आली.

"ही कोण?"

त्याने वाटी उलटसुलट करून पाहिली. "चांगल्या जाड आहेत."

"नाव वाचा."

"वाचलं."

"पुढच्या खेपेला तू म्हणशील ते, असं कोण म्हणालं होतं?"

"म्हटलं होतं गं. पण आता कोरून झालंय. स्टीलवरचं पुसता येत नाही."

"तांदळातलं बरं पुसता येतं!"

गोकुळदासाने वाटी पुन्हा एकदा उलटी करून पाहिली. कचेरीत अशा वेळी तो 'साहेब दौऱ्यावर आहेत' असं सांगत असे. घरात साहेब स्वयंपाकघरात होते. तेवढ्यात सत्यवतीबाई पदराला हात पुसत आल्याच.

"काय झाला गो? कसलो आवाज?"

"आई, बाळाचं नाव गंगा ठेवायचं," सुमंगला म्हणाली.

सत्यवतीबाई मट्‌कन पाटावर बसल्या. "बाय माजे, जित्या माणसाचा नाव कोण ठेवता काय? गेलेल्याचा ठेवतत."

"मग? गंगा जिवंत आहे?"

"असा काय बोलतंस? तू हय बसलंस मगे!"

"मी सुमंगला. गंगेला तुम्हीच तांदळात पुरलंत."

सासूबाईंचा तो मुद्दा तिथेच संपला. पण घर चालवलेली बाई होती, एका वाटेवर झाड पडलं तर दुसरी वाट तिला ठाऊक होती. "बरा. पण लोक काय म्हणतले? ह्या घराण्यात गंगा म्हणान गेली ती एकच. आणि ती..." त्यांनी नुसती गोठ्याकडे मान वळवली. "आजयेचा नाव नातीक ठेवतत गो. गाईचा कोण ठेवता?"

गोकुळदासाला फस्सकन हसू आलं. ते यायला नको होतं.

सुमंगला बाजल्यावर ताठ बसली. "हसा. गाय जुन्या नावालाच ओ देते म्हणून तिचं नाव राखलंत ना? ठीक आहे. आजपासून मीही जुन्याच नावाला ओ देणार. सुमंगला म्हणून कोणी हाक मारली, तर मला ऐकू येणार नाही."

इथून पुढे आपणही तिला गंगाच म्हणू. उगाच तिने ओ दिली नाही तर गोष्ट इथेच अडून बसायची.

पहिला तासभर कोणी हे मनावर घेतलं नाही. बाळंतीण आहे, रुसते, असं म्हणून सत्यवतीबाईंनी उद्याच्या तयारीला हात घातला. तेव्हा लक्षात आलं, गूळ, नारळ, रवा, सगळं कोठीत होतं आणि कोठीची किल्ली गंगेच्या उशाखाली.

"सुमंगला, किल्ली दी गो."

आतून काही नाही.

"सुमंगला!"

गंगा सरूची वेणी घालत होती. सरू म्हणाली, "आई, आजी हाक मारतेय."

"मारू दे. ती दुसऱ्याच कोणाला तरी बोलावतेय."

सत्यवतीबाई खोलीच्या दारापर्यंत आल्या. वाद वाढवायचा नाही, एकदा नाव घ्यायचं आणि किल्ली घेऊन जायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. त्यांनी तोंड उघडलं, "गं..." म्हटलं, आणि पाठोपाठ जीभ टाळ्याला लागून 'चक्‌ चक्‌ चक्‌' असा आवाज आपोआप निघाला. हातही पुढे झाला, मूठभर पेंड धरल्यासारखा. त्या तशाच मागे फिरल्या आणि लेकाला म्हणाल्या, "माझ्यान होवचा नाय बाबा. ता नाव तोंडात इला की हात आपसूक पेंडीच्या बाल्दीत जाता. तूच बघ."

गोकुळदास दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. मागेपुढे कोणी नाही असं पाहून कुजबुजला, "गंगा."

"ऐकू आलं नाही."

"गंगा," तो जरा मोठ्याने म्हणाला.

"सुमंगला केलंत तेव्हा सगळ्या मांडवाला ऐकू गेलं होतं. मंगलाष्टकं कानात घुमत होती म्हणून सुचलेलं नाव! 'सावधान' लिहिलं नाहीत, तेवढं बरं केलंत."

समोरासमोर ओरडायची त्याला लाज वाटत होती. म्हणून तो मागच्या पडवीत गेला, तिच्या खोलीच्या खिडकीकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि साऱ्या परसाला ऐकू जाईल अशी हाक घातली, "गंगाऽ! अगं गंगेऽ! ये गं!"

त्या हाकेत थोडी चीड होती, थोडं आर्जव होतं, आणि बरीचशी लाज होती. आत गंगेने ती ऐकली आणि सरूच्या केसांतला तिचा हात थांबला. इतक्या वर्षांत या घरात ते नाव तिच्यासाठी कोणी उच्चारलंच नव्हतं. तिच्या पायांना एकदम वाटलं, उठावं आणि धावत सुटावं. ती धावली नाही. डोळे पुसून तिने किल्ली सरूच्या हाती दिली आणि म्हणाली, "बाबांना दे. सांग, आली म्हणावं."

घरातलं प्रकरण इथे मिटल्यासारखं झालं. परसातलं इथेच सुरू झालं. कुंपणापलीकडे शेजारची धाकू वाळत घातलेलं आमसूल काढत होती. वयाने एवढी मोठी की सारी वाडी तिला काकी म्हणे, आणि कानाने एवढी तिखट की तिला काही सांगावं लागत नसे.

"गोकळा, कोणाक साद घालतस रे?"

कचेरीतल्या शिकलेल्या माणसाने काय सांगायचं? बायको स्वतःच्या नावासाठी अडून बसलीय, असं? "गा... गाईला," तो म्हणाला.

"गाय तर मेली मगे!"

"हो. तशी मेली."

"तशी म्हणजे?" धाकू कुंपणाला येऊन चिकटली. तिचा आवाज खाली गेला. "दिसता काय रे तुका?"

"कधी कधी," गोकुळदास म्हणाला आणि किल्ली घेऊन आत पळाला.

ही दोन शब्दांची बातमी धाकूच्या परसातून निघाली. बाजारात पोचली तेव्हा गाय रोज तिन्हीसांजेला गोठ्यात येऊन हंबरत होती. देवळापर्यंत पोचली तेव्हा ती दूधही देऊ लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालती भाड्याच्या मोटारसायकलवर पायलटच्या, म्हणजे चालकाच्या, मागे बसून म्हापशाहून आली. मांडीवर पाळण्याचं खेळणं, गळ्यात पर्स, खांद्यावर काश्मिरी शाल. घामाने निथळत होती, पण शाल सोडली नव्हती. अंगणात पाऊल टाकलं आणि तिला काहीतरी विचित्र दिसलं. बारशाला येणारी प्रत्येक बाई एका हातात झबलं-टोपडं घेऊन येत होती आणि दुसऱ्या हातात हिरव्या गवताची पेंडी. झबलं घरात देत होती आणि गवत गोठ्यात टाकून नमस्कार करत होती.

"आये, ह्या बायका गोठ्याक कित्याक पाया पडतत?"

"माका काय ठावक?" सत्यवतीबाईही बघतच होत्या.

गोठ्यात गेल्याच आठवड्यात विकत आणलेली एक पाडी होती. तिला अजून कोणी नावही ठेवलं नव्हतं. नव्या घरची माणसं फारच प्रेमळ आहेत, असं तिचं मत झालेलं दिसत होतं. ती खातच सुटली होती.

तेवढ्यात बाबुराव घाडी आला. गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण मेलेली गाय दूध देते म्हटल्यावर बोलावण्याची वाट कोण बघत बसेल? हातात नारळ, खांद्यावर पंचा. तो अंगणाच्या मधोमध उभा राहिला, डोळे मिटले आणि खड्या आवाजात सुरू झाला.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" अंगणातल्या सगळ्यांनी सवयीने साथ दिली.

"ह्या घरची गंगा, गोठ्यातली, तिचो जीव अजून हयच घुटमळता रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तिका ह्याच घरात परत येवचा असा. तर तिचाच नाव आज ह्या चेडवाक ठेवन, तिका शांत कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मालतीचा चेहरा तिच्या काश्मीरच्या फोटोतल्या बर्फासारखा पांढरा पडला. देवाच्या तोंडचं नाव मोडून काश्मिरा म्हणायची तिची छाती नव्हती. सत्यवतीबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. सूनही खूश, देवही खूश, लोकही काही बोलणार नाहीत. गोकुळदासाने दारात बाळाला घेऊन बसलेल्या गंगेकडे पाहून भुवया उडवल्या. बघ, झालं ना तुझ्या मनासारखं?

झालंच होतं. आता गंगेने नुसतं गप्प बसायचं होतं. तिने कुशीतल्या तान्हीकडे पाहिलं. जन्मभर ही मुलगी रस्त्याने जाईल आणि बायका एकमेकींना सांगतील, हीच ती, हिच्यात गाय आली. नाव गंगाच राहील, पण कारापूरच्या विहिरीतलं नाही. पुन्हा गोठ्यातलंच.

ती उठून उभी राहिली. "नाही म्हाराजा!"

अंगण गारठलं. पोर्तुगीज होते तेव्हा आणि पोर्तुगीज गेल्यावरही पेडण्यात गाऱ्हाण्याला कोणी 'नाही' म्हटलं नव्हतं. बाबुरावाने एक डोळा उघडला. पुढचा शब्द काय घ्यायचा हे त्याच्या वाडवडिलांनी शिकवलंच नव्हतं.

"नाव गंगाच," गंगा म्हणाली. "पण गाईचं नाही. माझं. माझ्या बापाच्या विहिरीला पाणी लागलं तेव्हा मिळालेलं. गाईचा जीव बिव काही घुटमळत नाही, ती सुखाने गेली. घुटमळतेय ती मी. परवापर्यंत गप्प होते, आता नाही. काल परसात हाक मारली ती गाईला नव्हती, मला होती. विचारा यांना."

सगळ्यांच्या माना गोकुळदासाकडे वळल्या. त्याने पाडीकडे पाहिलं. पाडीचं तोंड भरलेलं होतं, तिच्याकडून मदतीची आशा नव्हती. एक सोपं वाक्य बोललं की देव, गाव आणि बहीण सगळे राजी राहणार होते. बायकोच तेवढी राहिली नसती.

"बायकोला मारली," तो म्हणाला, आणि बायकांच्या नजरा बदललेल्या पाहून घाईने पुढे म्हणाला, "हाक! बायकोला हाक मारली. गंगा तिचं नाव. आम्हीच बदललेलं."

"मगे माका गाय म्हणान कित्या सांगलंस रे, मेल्या?" धाकू कडाडली. "मी देवाक नारळ बोललंय!"

"लाज वाटली, काकी."

पहिलं हसू धाकूलाच फुटलं. मग अंगण हसलं. बाबुराव नारळ काखेत मारून सावलीला जाऊन बसला. हसली नाही ती एकटी मालती.

"हसतात काय? जित्या बाईचं नाव पोरीला देणार? बरं दिसतं का हे, सुमंगला?"

गंगा तान्हीचं टोपडं सारखं करत राहिली.

"सुमंगला, मी तुझ्याशी बोलतेय!"

"आत्या," सरू समजावणीच्या सुरात म्हणाली, "तसं म्हटलं तर तिला ऐकू येत नाही."

मालती आईकडे वळली. "आये, तू तरी सांग गे हिका!"

सत्यवतीबाईंनी पदराला हात पुसले. मग त्यांनी लेकीला विचारलं, "म्हापशाक तुका काय म्हणतत गो?"

"सुनंदा. ठावक नाय तुका?"

"मालती नाव मी ठेवलेला. परसात वेल होतो, फुलान भरलेलो, तू झालंस तेव्हा. तेंनी ता पुसल्यानी. माका कोणी इचारलेला?" आणि मग अंगणाकडे, गोठ्याकडे, कोणाकडेच न बघता त्या म्हणाल्या, "माझा नाव शेवंती होता."

गोकुळदासाने आईकडे असं पाहिलं जणू ती आत्ताच दारात येऊन उभी राहिली होती. "तू कधी सांगितलं नाहीस, आये."

"इचारलंस कधी? हय इलंय तेव्हा आजेसासू होती, तिचा नाव शेवंती. जित्या म्हाताऱ्येच्या नावान सुनेक साद कशी घालतले? म्हणान मी सत्यवती." त्या सुनेकडे वळल्या. "माझ्या वाटेत म्हातारी होती, तुझ्या वाटेत गाय."

अंगणातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग मागून कोणीतरी हळूच, चोरून खाल्लेल्या लाडवाची कबुली द्यावी तसं म्हणालं, "मी द्वारकी होतंय." "मी मथुरा." "माका आवय चिमणी म्हणायची, कागदार कमळ होता." ज्या बायका वीस वर्षं एका विहिरीवर पाणी भरत होत्या त्या एकमेकींची नावं पहिल्यांदा ऐकत होत्या आणि तोंडावर पदर घेऊन हसत होत्या. एकीने डोळेही पुसले.

"आणि तुमचं काय होतं, काकी?" गंगेने धाकूला विचारलं.

"माझा बदलूकच नाय. सासरो म्हणालो, ही धाकू ती धाकूच बरी, तांदूळ कित्या फुकट घालवचे?"

या हशात मालती उठली. तिने शाल काढून खुंटीला अडकवली, वहिनीपुढे हात पसरले आणि घसा खाकरून म्हणाली, "दे गं बाळाला... गंगा."

गंगेने लगेच ओ दिली आणि बाळ दिलं.

पाळणा हलला, बाळ वरून खालून फिरलं. मालती तान्हीच्या कानाशी वाकली तेव्हा बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीवर धपाटे घातले, जरा जास्तच जोरात. तिने कानात काय काय सांगितलं, कोण जाणे. बराच वेळ सांगत होती. मग सरळ उभी राहून मोठ्याने म्हणाली, "गंगा!" आणि दारात बसलेली तान्हीची आई नकळत अर्धी उठलीच.

"बघ, मी म्हटलेला," सत्यवतीबाई म्हणाल्या. "साद घातली की दोघी येतली." पण आता त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

राहता राहिल्या वाट्या. गूळखोबरं वाटायची वेळ झाली तशी मालती पोत्याकडे बघून रडवेली झाली. "एवढ्या कोरून आणल्या. आता यांचं काय करू?"

"द्यायच्या सगळ्यांना," गंगा म्हणाली. "अशाच."

तिने सरूच्या हाती हळदीकुंकू दिलं, स्वतः गोठ्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि सरूकडून पाडीच्या कपाळाला बोट टेकवून घेतलं. "हिचंही बारसं राहिलंच होतं. आजपासून ही काश्मिरा."

"काय?" मालती किंचाळली. "मी ठेवलेलं नाव गाईला?"

"का हो, वन्सं?" गंगा शांतपणे म्हणाली. "मला इतकी वर्षं चाललं."

मालतीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. ते तसंच राहिलं. मग त्या उघड्या तोंडातून एक हुंदक्यासारखं काहीतरी निघालं, आणि दुसऱ्या क्षणाला ती गोठ्याच्या खांबाला धरून पोट दुखेपर्यंत हसत होती. सावलीतून बाबुरावाने, आता तरी चूक होऊ नये म्हणून, आधी गंगेकडे पाहिलं. तिने मान हलवली. मग तो गरजला, "होय म्हाराजा!"

बायका वाट्या घेऊन घरी गेल्या. त्यांवर एक अक्षरही खोटं कोरलेलं नव्हतं.

उन्हं उतरली तशी पडवीत घरचीच माणसं उरली. मालती चटईवर आडवी झाली होती. सत्यवतीबाई उरलेलं खोबरं डब्यात भरत होत्या. गोकुळदास चहा पीत होता, दिवसभरात प्रथमच स्वस्थ. गंगेच्या मांडीवर गंगा झोपली होती. सरू मात्र सकाळपासून कसल्यातरी विचारात होती. ती आईला येऊन टेकली.

"आई, आजी आधी शेवंती होती ना?"

"हो."

"आत्या इथे मालती, तिकडे सुनंदा."

"हो."

"तू आधी गंगा, मग सुमंगला, मग परत गंगा."

"हो गं बाई. परत गंगा."

सरूने वळून गोकुळदासाला नीट न्याहाळलं, डोक्यापासून पायापर्यंत, आणि विचारलं, "मग लग्नाच्या आधी बाबांचं नाव काय होतं?"